दादीची बोली, दादांचा भोंगा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९८१ सालच्या फेब्रुवारी महिन्यातली एक दुपार माझ्या मनात अजून ताजी आहे. आमच्या गावच्या शाळेतले एक गुरुजी शिरगणतीचे कागद घेऊन घरी आले होते. शास्त्री नदीच्या खाडीकाठी आमचं घर. पुढे खळं, मग पडवी, आत माजघर. गुरुजी पडवीतल्या बाकावर बसले. अब्बा त्या वेळी जहाजावरून रजेवर आले होते, तेच उत्तरं देत होते. नाव, वय, शिक्षण, धंदा असं करत करत गुरुजींनी विचारलं, "मातृभाषा?" अब्बांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "उर्दू."

तेवढ्यात आतून दादीचा आवाज आला. चुलीपुढं बसून ती घावन काढत होती. म्हणाली, "उर्दू किताबात हाय. चुलीपुढं कोन बोलतो उर्दू? आमची कोकनी लिवा, गुरुजी."

गुरुजी हसले. अब्बाही ओशाळून हसले. पण कागदावर "उर्दू" हेच लिहिलं गेलं, कारण घरचा कर्ता पुरुष जे सांगेल ते लिहायचं अशी रीत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आज पन्नाशी उलटल्यावर मात्र वाटतं, की त्या एका रकान्यात आमच्या घराचा सगळा इतिहास होता, आणि तो चुकीचा भरला गेला.

श्रोतेहो, आज मी आपल्याशी दोन गोष्टींविषयी बोलणार आहे. एक म्हणजे कोकणातल्या मुसलमानांची घरातली बोली, आणि दुसरी म्हणजे ही बोली पोटापाण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली तेव्हा तिचं काय झालं. या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, पण आमच्यासारख्या शेकडो घरांत त्या एकच आहेत.

आधी बोलीविषयी. आपल्या किनाऱ्यावर अरब व्यापारी फार पूर्वीपासून येत होते. दहाव्या शतकात अल-मसुदी नावाचा अरब प्रवासी चौलला आला. त्या काळी तिथं मुसलमानांची मोठी वस्ती असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढं बहामनी आणि आदिलशाही काळात आपलं दाभोळ हे मोठं बंदर झालं. या किनाऱ्यावर आलेल्यांतले काही इथंच राहिले, इथल्या मुलींशी त्यांची लग्नं झाली, इथल्याही अनेकांनी हा धर्म स्वीकारला. बापाची भाषा बंदरापुरती आणि नमाजापुरती राहिली. मुलाला निजवताना, भरवताना, रागावताना जी भाषा कानावर पडायची, ती आईची. म्हणून आमच्या बाबतीत "मायबोली" हा शब्द अगदी अक्षरशः खरा आहे.

आमची आडनावंच पाहा. काझी, खतीब, मुल्ला ही धर्मकार्यावरून आलेली. मुकादम, खोत, देशमुख, चौगुले ही गावकीच्या आणि वतनाच्या कामावरून आलेली. सारंग, तांडेल, नाखवा ही दर्यावरची. आणि गावाच्या नावापुढं "कर" लावून झालेली तर कितीतरी. यातलं खोत किंवा चौगुले आडनाव ऐकून माणूस कुठल्या धर्माचा हे सांगता यायचं नाही. आडनावाचंच नव्हे, बोलीचंही तसंच आहे.

जॉर्ज ग्रिअर्सन या आयरिश अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तो संपूर्ण मराठीला वाहिलेला आहे. त्यात कोकणातल्या बोलींमध्ये संगमेश्वरी आणि बाणकोटी यांची नोंद आहे. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून ग्रिअर्सननं एकच गोष्ट सगळीकडे वापरली. बायबलमधली उधळ्या मुलाची. एका माणसाला दोन मुलगे असतात, धाकटा आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, हाल काढतो आणि शेवटी बापाच्या दारात परत येतो. तुलना करणं सोपं जावं म्हणून ही गोष्ट निवडली होती. पण मला गंमत वाटते ती ही, की दूर देशी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या मुलाची गोष्ट कोकणी माणसाला सांगायला सांगावी, यासारखी नेमकी निवड दुसरी झाली नसती. आमच्याकडे प्रत्येक घरात ती घडत होती. फरक इतकाच, की आमचा मुलगा वाटा उधळायला नव्हे, तर घरचं कर्ज फेडायला जायचा.

आता या बोलीचे काही विशेष सांगतो. आमच्या घरी "ण" आणि "ळ" ही अक्षरं जवळजवळ नव्हतीच. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी, नारळ म्हणजे नारल, डोळा म्हणजे डोला. शब्दाच्या सुरुवातीचा "वि" किंवा "वे" आला की "व" गळून पडायचा. विस्तवाचा इस्तव व्हायचा, वेळेची येल व्हायची. मला-तुलाच्या ऐवजी मना-तुना. आई-वडिलांचा उल्लेख आवस आणि बापूस असा. थोडंसं म्हणजे वायच. "वायच बस, पानी घे," असं दादी म्हणाली की पाहुण्याचा अर्धा शीण जायचा. हे उच्चार आणि हे शब्द काही एकट्या मुसलमानांचे नव्हेत. आमच्या शेजारच्या कुणबीवाडीत यातलं बरंचसं असंच बोललं जायचं. फरक असायचा तो सणवार, नाती आणि देवाधर्माच्या शब्दांत. आमच्याकडे चाचा, फुपू, खाला, त्यांच्याकडे काका, आत्या, मावशी. पण पाखाडी, पऱ्या, साकव, गडगा, कातळ हे सगळं दोघांचं एकच, कारण पायाखालची वाट एकच होती.

दर्यावरचे शब्द पाहिले तर उलटा प्रवास दिसतो. दर्या, बंदर हे शब्द फारसीतून आले. नाखवा हा नाखुदाचा झाला. सुकाणू हा शब्द मूळ अरबीतला. हे शब्द आज कोळी, भंडारी, खारवी, दालदी सगळेच वापरतात आणि कुणाला ते परके वाटत नाहीत. मतलई वारा, खारा वारा, भांगाची भरती, उधाण हे शब्द मात्र इथले. एकाच होडीत दोन्हीकडचे शब्द बसले आणि होडी चालली. भाषेचा व्यवहार असा असतो. तो कुणाला विचारून होत नाही.

आता मुंबईकडे येतो. मुंबईत १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, भायखळा, वरळी हा सगळा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. या गिरण्यांना माणसं पुरवली ती आपल्या जिल्ह्यानं. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, तो वेगळा झाला १ मे १९८१ ला. तरीही निम्मे म्हणजे केवढे! आपल्याकडे कातळ जास्त, भातशेती थोडी, खोतीचा जाच आणि पावसाळ्यानंतर हाताला काम नाही. मुंबईला जाणं ही हौस नव्हती.

आमचे दादा १९२७ साली मुंबईला गेले. वय असेल सोळा-सतरा. तेव्हा रस्त्यानं मुंबई फार लांब होती, बोटीनं जवळ होती. जयगडला आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जायचे. समुद्र खवळलेला असला तर पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याच साली नोव्हेंबरमध्ये वादळात "तुकाराम" आणि "जयंती" या दोन बोटी बुडाल्या. पुढं १७ जुलै १९४७ ला "रामदास" बुडाली. तिच्यावर आमच्या नात्यातलं कुणी नव्हतं, पण त्या दिवसानंतर दादी दर वेळी बोट सुटली की चूल पेटवायची नाही. पत्र येईपर्यंत शेजारच्या घरून भाकरी यायची.

मुंबईत दादा उतरले ते भायखळ्याच्या बाजूला गावच्या जमातीच्या खोलीत. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांची जशी मुंबईत गावागावांची "कुडं" होती, कुणबी-मराठ्यांच्या जशा गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, तशीच ही. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. कुणी गोदीत, कुणी जहाजाची वाट पाहत बसलेला, कुणी गिरणीत. ज्याची रातपाळी तो दिवसा झोपणार, ज्याची दिवसपाळी तो रात्री. वळकटी एकाची उचलली की तिथं दुसऱ्याची पडायची. भिंतीवर खिळ्यांना ट्रंकांच्या वर ट्रंका. दादा सांगायचे, "खोलीत वारा नव्हता, पन गाव होता." या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. खोलीत सगळे एकाच खाडीकाठचे. त्यामुळे बाहेर रस्त्यावर बंबईया हिंदी, मुकादमाशी मोडकी मराठी, पण खोलीचं दार लावलं की पुन्हा "मना" आणि "तुना". परमुलखात बोली टिकली ती कुणी टिकवली म्हणून नव्हे. खोलीत राहायला तीच लागत होती.

गिरणीत दादा सुरुवातीला बदली कामगार होते. बदली म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्या दिवसापुरतं काम. पहाटे भोंगा व्हायच्या आत दारावर उभं राहायचं आणि जॉबरची नजर पडते का पाहायचं. जॉबर ओळखीचा, गावचा, नात्यातला असेल तर नशीब. दादांना आत घेतलं ते आमच्याच गावच्या एका कुणबी जॉबरनं. पुढं ते साचेखात्यात कायम झाले. साचा म्हणजे माग. धोटा, बॉबिन, कांडी, पाळी, खातं, हे शब्द दादांच्या तोंडी असे बसले होते, की गावी आल्यावरही ते सुटत नसत. दादी रागावली की म्हणायचे, "आज साचा तुटला वाटतं."

पहिल्याच वर्षानंतर १९२८ चा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने. दादांसारखी हजारो माणसं बोटीत बसून गावी परतली. ती नांगराला लागली, गरी घेऊन खाडीवर बसली, आणि संप टिकला. गिरणी कामगारांच्या मागे उभं राहणारी खरी शिल्लक बँकेत नव्हती, ती कोकणातल्या भाताच्या कणगीत होती. अभ्यासकांनी हे पुढं लिहिलं. आमच्या दादीला ते आधीच माहीत होतं, कारण कणगी तिच्याच ताब्यात होती.

दादांची एक सवय सांगतो. ते बोलताना ओठ फार मोठे हलवायचे. प्रत्येक शब्द तोंडानं जणू कोरून दाखवायचे, आणि हातांचे पंजेही चालायचे. आवाज मात्र कधी इतका मोठा की पाखाडीच्या टोकाला ऐकू जावा, कधी अजिबात नाही. नुसतेच ओठ. लहानपणी आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. साचेखात्यात शेकडो माग एकदम खडखडत असतात, तिथं शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येणं शक्य नसतं, म्हणून माणसं ओठ वाचायला शिकतात, हे मला मोठेपणी कळलं. दादांचे कानही त्याच खडखडाटानं गेले होते.

पुढं वाचनात आलं, की इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांतही हेच होतं. तिथल्या विणकर बायका अशाच ओठ मोठे हलवून बोलत. त्या बोलण्याला तिकडे "मी-मॉइंग" असं नावच होतं. मला एकदम धक्का बसला. कारण मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं त्याच लँकेशायरमधून, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्यातून आलेली. दादा निरक्षर. पण यंत्राच्या पाटीवरची "ओल्डहॅम"ची ओतीव अक्षरं त्यांना चित्रासारखी पाठ होती, आणि ती ते खळ्यातल्या मातीत काडीनं काढून दाखवायचे. यंत्राबरोबर त्याचा आवाज आला, आणि त्या आवाजातून वाट काढायला सात समुद्रांच्या अल्याड-पल्याड माणसांनी एकच युक्ती शोधली.

लँकेशायरचा आणि आपला संबंध याहूनही जुना. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं आणि तिथला कापूस बंद पडला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तिकडं लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून कामगारांवर उपासमारीची पाळी आली. त्या दिवसांत सॅम्युअल लेकॉक नावाचा एक विणकर आपल्या लोकांच्या बोलीत, पुस्तकी इंग्रजीत नव्हे, कविता लिहीत होता. त्या सुट्या कागदांवर छापून विकल्या जात आणि लोक त्या म्हणत. आपल्याकडे शाहीर अमर शेख होते. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शीच्या गिरणीतून आलेला हा माणूस मराठीत गायचा आणि सगळं गिरणगाव ऐकायचं. नारायण सुर्व्यांची कविताही याच वस्तीतून आली. गिरणीनं माणसांचे कान घेतले, पण काहींना कंठ दिला.

अब्बांची वाट वेगळी झाली. ते जहाजावर गेले. विलायती कंपन्यांच्या बोटींवर डेकवरची खलाशी मंडळी बरीचशी आपल्या किनाऱ्यावरच्या मुसलमानांतली असत, आणि त्यांचा म्होरक्या म्हणजे सारंग. अब्बा एकदा लिव्हरपूलच्या गोदीत उतरले. जहाजावर साहेबांचं इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी समजायचं. पण गोदीतले हमाल बोलू लागले तेव्हा त्यांना एक अक्षर कळेना. त्यांनी आपल्या सारंगाला विचारलं, "हे कुठल्या देशाचे?" सारंग म्हणाला, "याच देशाचे. ही यांची कोकनी." अब्बा ही गोष्ट हसत सांगायचे. पण इंग्रजालाही कोकनी असते हे पाहून आलेला माणूस स्वतःच्या घरात मात्र "उर्दू" असं सांगत होता. त्यात त्यांचा दोष नव्हता. शिकलेल्या, अब्रूदार मुसलमानाची भाषा उर्दू, असं त्यांना लहानपणापासून शिकवलं गेलं होतं. उर्दू सुंदर भाषा आहे, मी तिच्यावर प्रेम करतो. आपल्या दापोलीकडचे बदीउज्जमा खावर उर्दूतही लिहीत आणि मराठीतही गझल लिहीत, म्हणजे दोन्ही नांदू शकतात. पण चुलीपुढची भाषा लपवून नव्हे.

मला दुसऱ्या बाजूनं टोचलं गेलं. मी मराठी शाळेत गेलो. पाचवीत वाचन करताना मी "पानी" म्हणालो आणि वर्ग हसला. मास्तरांनी मला उभं करून "पाणी, पाणी, पाणी" असं वीस वेळा म्हणायला लावलं. हसणाऱ्यांत कुणबीवाडीतली मुलंही होती, जी घरी जाऊन "पानी"च मागणार होती. त्या दिवशी घरी आल्यावर दादीनं तांब्या पुढं केला आणि मी तिला म्हणालो, "पानी नाही, पाणी." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "नाव बदल्ल्यान तान भागते काय?" पुढं मी बी. ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो, माझा "ण" कुणाला नाव ठेवता येणार नाही असा झाला. पण दादीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

शिरगणतीच्या पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. १९२८ सारखेच ते गावी आले. आमच्या पाखाडीत तीन घरांत ट्रंका उतरल्या. पण या वेळी परत जाणं झालं नाही. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरण्या एकामागून एक संपल्या. ज्या जागी भोंगे वाजत तिथं पुढं दुकानांचे मोठे झगमगते मॉल उभे राहिले. दादा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. रोज सकाळी सातच्या सुमारास ते खळ्यात येऊन उभे राहायचे आणि उत्तरेकडे कान द्यायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "भोंगा झाला नाय अजून." ऐकू तर त्यांना काहीच येत नव्हतं.

गिरण्या गेल्या, तशा गावच्या खोल्याही ओस पडल्या. १९७० नंतर आमच्याकडची पोरं कुवेत, सौदी, दुबईला जाऊ लागली होतीच. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुसलमान घरं मुंब्र्याकडे गेली. नव्या इमारतीत शेजारी उत्तर प्रदेशचा, समोर हैदराबादचा. जिन्यात बोलायची भाषा हिंदी झाली, आणि जिन्यातली भाषा हळूहळू स्वयंपाकघरात शिरली. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली. गाव एका रात्रीच्या अंतरावर आलं, बोली मात्र लांब गेली.

मग अशा घराचा इतिहास शोधायचा कुठं? मी शोधला म्हणून सांगतो. मोठे ग्रंथ उपयोगी पडतात. १८८० चं रत्नागिरी गॅझेटिअर पाहावं. हमीद दलवाई आपल्या मिरजोळीचे, त्यांची १९६५ ची "इंधन" कादंबरी वाचावी. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास गोळा करून २००४ मध्ये पुस्तक केलं, ते वाचावं. पण आपल्या घराचं नाव त्यांत सापडणार नाही. त्यासाठी काझींच्या दफ्तरातली निकाहाची नोंद पाहावी, जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार पाहावेत, खलाशी ज्याला "नली" म्हणत ती जहाजावरच्या नोकरीची नोंदवही पाहावी, गिरणीचा पास, मनिऑर्डरीच्या पावत्या पाहाव्यात. आमच्या दादीच्या ट्रंकेत यातलं बरंच होतं. आणि सगळ्यांत खाली होती एका सुतळीत बांधलेली एकतीस पोस्टकार्डं.

ती दादांनी मुंबईहून आपल्या बापाला पाठवलेली. लिहिणारा मात्र दादांचा गिरणीतला जोडीदार, कुणबीवाडीतला, चौथी शिकलेला. त्याला पत्राची जी रीत शाळेत शिकवली तीच त्यानं वापरली. म्हणून एका मुसलमान मुलाचं आपल्या बापाला पत्र सुरू होतं "तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि." असं, आणि संपतं "सर्वांना सलाम" असं. पण खरी दौलत मधे आहे. दादा जसं सांगत गेले तसं त्यानं लिहिलं. "मना बरा हाय", "पानी कवा पडला", "येल भेटली की येतो". शाळेत मला ज्या "पानी"साठी उभं केलं, तो माझ्या खापरपणजोबांपर्यंत चालत आलेला शब्द त्या कार्डांवर शाईनं लिहिलेला आहे. आमच्या घरात आमच्या बोलीचा तेवढा एकच लेखी पुरावा.

दादीचा आवाज मात्र माझ्याकडे नाही, आणि ही चूक सर्वस्वी माझी. १९९४ मध्ये मी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यापुढं बसलो होतो. तिनं हळदीची गाणी म्हटली. नवरा जहाजावर, नवरी उंबऱ्यावर अशी ती गाणी, सगळी आमच्या बोलीत. दोन तास बोलली. सांदणाचं पीठ कसं आंबवायचं इथपासून पडाव उलटला त्या दिवसापर्यंत. मी कॅसेटवर नाव घातलं नाही. दोन वर्षांनी घरात लग्न होतं, कुणीतरी कोरी समजून त्यावर सिनेमाची गाणी भरली. तोवर दादी गेली होती. ती कॅसेट मी अजून ठेवली आहे. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, गाणं संपल्यावर, काही क्षण तिचा आवाज उरला आहे. ती म्हणते, "झाला काय? वायच थांब." एवढंच.

इंग्लंडात लीड्स हे असंच एक मोठं कारखान्यांचं शहर. तिथल्या विद्यापीठानं हॅरल्ड ऑर्टन या प्राध्यापकांच्या नेतृत्वाखाली १९५० ते १९६१ या काळात बोलींची पाहणी केली. ३१३ ठिकाणी माणसं पाठवली, बहुतेक खेड्यांत, आणि वयस्क माणसांना तेराशेहून अधिक प्रश्न विचारले. गोठ्याला काय म्हणता, चुलीला काय म्हणता, असे साधे प्रश्न. म्हातारी माणसं आहेत तोवर हे झालं पाहिजे, ही त्यामागची घाई. आपल्याकडेही डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६५ मध्ये कुडाळीचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींची ध्वनिमुद्रणासह पाहणी केली. ही मोलाची कामं आहेत. पण विद्यापीठाचा माणूस आपल्या पाखाडीत येईल याची वाट पाहू नये. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, म्हणजे माझ्या टेपरेकॉर्डरपेक्षा चांगलं यंत्र आहे.

एखाद्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांपुढं बसा. "बोलीत बोला" असं सांगू नका, ती माणसं लाजतात. पहिली बोट कधी पाहिली, मुंबईत कुठं उतरलात, लग्नात काय रांधलं, पाणी कुठून आणायचे, असं विचारा आणि गप्प बसा. बोली आपोआप येईल. मग त्या ध्वनिफितीला माणसाचं नाव, गाव आणि साल घाला. माझ्यासारखं विसरू नका. दोघांकडे प्रत ठेवा.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा मलाही आनंद झाला. पण अभिजात वाड्याला चारी बाजूंनी पडव्या असतात, आणि त्या पडव्यांत कुणबी, कोळी, आगरी, दालदी, कोकणी मुसलमान अशी सगळी माणसं बसलेली आहेत. पडवी पडली तर पावसाची झड सरळ माजघरात येते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

२०११ नंतर लांबलेली जनगणना आता २०२७ साठी जाहीर झाली आहे. कुणी गुरुजी किंवा बाई कागद नाहीतर यंत्र घेऊन दारात येतील आणि विचारतील, "मातृभाषा?" अब्बा आता नाहीत. उत्तर मला द्यायचं आहे. ज्याच्या घरी जे खरं असेल ते त्यानं सांगावं, उर्दू असेल तर उर्दू, मराठी असेल तर मराठी. मी काय सांगणार ते ठरलं आहे. चुलीकडून जे उत्तर त्या दुपारी आलं होतं, तेच.